बिनकड्याचा शनी

“आवं, शनीच्या म्होरं हुबं ऱ्हायाचं नसतं, बाजूनं दर्शन घ्यायचं असतं,” मनुबाई म्हणाली. “आन् तुमच्या त्या दुर्बिणीच्या नळकांड्यात तर बाजूनंच डोळा लावायचा असतोय. मग चालतंय की.”

नाथाजी पिशवीतून औषधाच्या बाटल्या काढून कोनाड्यात मांडत होता. त्याचा हात तिथंच थांबला. मिरजेहून परत येऊन दोघांनी नुकत्याच चपला काढल्या होत्या. एसटीत ती सगळी वाट गप्प होती. तो तर मुलखाचा अबोल. त्यामुळं तासगाव येईपर्यंत दोघांत एक शब्द झाला नव्हता, आणि आता घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे.

“काय म्हणलीस?”

“आज मला शनी दावा म्हणते.”

“आज शनिवार हाय.”

“म्हणूनच. मारुतीला तेल घालून येते, मग बघते.”

“आन् साडेसाती?”

“साडेसातीनं आता आणखी काय न्यायचं ऱ्हायलंय?” असं म्हणून ती हसली.

नाथाजीला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. सकाळी मिरजेच्या डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि दोघांच्या देखत सांगितलं, की मनुबाईच्या डोळ्यांची नस सुकत चालली आहे, ऑपरेशन करून उपयोग नाही, आहे ती नजर वर्षभर पुरली तरी पुष्कळ. तेव्हापासून त्याचं मन दाताच्या डॉक्टरानं सुई टोचलेल्या गालासारखं झालं होतं. आहे, पण आपलं वाटत नाही.

तिला शनी दाखवायचा म्हणून तो किती वर्षं मागं लागला होता! एसटीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर असताना सांगलीतल्या हौशी खगोल मंडळाच्या नादानं त्याला आकाशाचं वेड लागलं. दुर्बिणीचा आरसा त्यानं परसात बसून हातानं घासला होता. काचेच्या एका चकतीवर दुसरी ठेवायची, मध्ये पाणी आणि कुरुंदाची पूड, आणि गोल गोल घासत राहायचं. पहिल्या काही दिवसांत त्यानं एका काचेचा टवका उडवला. मनुबाई दारात बसून बघत होती. तिला राहवलं नाही. “सरा तिकडं,” ती म्हणाली. “अंगाचं सगळं वझं कशापायी टाकताय? जात्यागत फिरवा. जातं हातानं न्हाई फिरत, कंबरंनं फिरतंय.” आणि तिनं पदर खोचून बैठक मारली. पुढं तो दमला की ती बसायची. म्हणजे तो आरसा निम्मा तिचाच होता. पीव्हीसी पाइपच्या नळकांड्यात तो बसला, गल्लीतल्या लोकांनी त्यात चंद्र पाहिला, गुरू पाहिला. तिनंही पाहिला. आटपाडीकडच्या मेंढपाळाची लेक ती. सप्तर्षींचं खाटलं आणि मृगातलं तिकांडं तिला बापानं मेंढरांमागं हिंडताना दाखवलेलं. आकाशाचं तिला नवल नव्हतं, आणि भीतीही नव्हती. भीती होती ती फक्त शनीची. तिची रास कुंभ, आणि शनीही हल्ली कुंभेतच बसलेला.

“कडं हाय गं त्येला,” नाथाजी सांगायचा. “मधी गोळा आन् भवती कडं. कुठं चिकटल्यालं न्हाई. एकदा बघितलंस तर जल्मात इसरणार न्हाईस.”

“साडेसाती सरू द्या. मग बघीन.”

आता ती बघते म्हणत होती, आणि यंदा नेमकं कडं नव्हतं.

हे मात्र नाथाजीनं तिला कधी सांगितलं नव्हतं. सुरीचं पातं आडवं धरलं तर दिसतं, पण धार डोळ्यांच्या रेषेत धरली तर नाहीसं होतं. शनीच्या कड्याचं तसंच. चौदा-पंधरा वर्षांतून एकदा ते आपल्याकडं धार करतं, आणि लहान दुर्बिणीतून मग नुसता गोळा दिसतो. पंचाण्णव साल त्यातलंच निघालं. दिवाळी झाल्यावर त्यानं स्वतः पाहिलं होतं. पिवळा मणी, बास. त्याला वाटलं होतं, आपला आरसाच बिघडला. मग मंडळातल्या एकाला विचारलं तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी कडं पुन्हा उघडणार होतं. ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढं म्हटलं की झालं. तो ते म्हणायला दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. ती चाचपडत तेलाची वाटी शोधत होती. तो तसाच मागं फिरला.

दिवस मावळल्यावर त्यानं दुर्बीण परसात उभी केली. परसाच्या दगडी गडग्यापलीकडं सिद्धूची द्राक्षबाग. सिद्धू पाठीवरचा पंप उतरवून हात धूत होता. बागेची दिवसभर फवारणी झालेली, त्या औषधाचा उग्र वास अजून हवेत होता.

“नाथाआण्णा, आज कुणाचा लंबर?”

“शनीचा.”

“अरारा! शनिवारी शनी? येतो थांबा. माझ्या द्राक्षाच्या मागं कोण लागलंय ते तरी बघतो एकदा.”

नाथाजीनं डोळा लावला. डोक्यावर, जरासा दक्षिणेला, शनी स्वच्छ होता. पिवळा मणी. त्यानं डोळे चोळून पुन्हा पाहिलं, केसाएवढी रेघ तरी दिसते का म्हणून. नव्हती.

मनुबाई देवळातून आली ती शेजारणीचा हात धरून. शेजारीण दारातूनच परत गेली. मनुबाईच्या कपाळावर शेंदूर होता आणि हाताला तेलाचा वास. नाथाजीनं तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी धरून तिचा डोळा भिंगाशी नेला. असं तिचं तोंड हातात धरून किती वर्षं झाली असतील, असा विचार त्याच्या मनात आला आणि नुसताच निघून गेला.

“हालू नगंस. श्वास बी हळू घे.”

ती बघत राहिली. तो बाजूला उभा. आता ती विचारणार, कडं कुठं हाय? मग सांगावं लागणार. कुठून सुरुवात करावी, सुरीपासून की धारेपासून, याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागला.

“दिसलं,” मनुबाई म्हणाली.

“काय दिसलं?”

“कडं. काय ठळक हाय वो! माझ्या आजीच्या पायातल्या वाळ्यागत. तुमी म्हणत हुता तसंच, चिकटल्यालं न्हाईच कुठं.”

क्षणभर नाथाजीला वाटलं, आपलंच चुकलं असेल. आपण काय, स्टोअरकीपर माणूस; दिसतही असेल एखाद्याला. तिला हलकेच बाजूला घेऊन त्यानं डोळा लावला. मणी. तिचे डोळे भिंगावरून निघाले होते आणि कुठंच टेकलेले नव्हते. वर्षभर म्हणाले होते डॉक्टर. वर्षभर कसलं.

तेवढ्यात सिद्धू गडगा ओलांडून आला. “सरा आण्णा, मला बघू द्या. वैनी, भ्या न्हाई वाटलं?”

“भ्या कसलं? दागिना हाय नुसता.”

सिद्धूनं वाकून पाहिलं. एकदा एका डोळ्यानं, एकदा दुसऱ्यानं.

“आण्णा, कडं कुठं हाय रं देवा? ही तर हरभऱ्याची डाळ हाय नुसती.”

मनुबाईचा हात पदराशी चाळा करत होता, तो थांबला.

“नीट बघ,” नाथाजी म्हणाला.

“आवं नीटच बघतोय. बागंतली मिलीबगची कीड मला बांधावरनं दिसतीया. वैनी, खरं सांगा, तुमाला दिसलं, का आण्णांनी शिकवून ठेवलंय?”

आकाशाबद्दल नाथाजी आजवर कुणाशी खोटं बोलला नव्हता. मंडळात कुणी ‘अंदाजे’ म्हटलं तरी त्याला टोचायचं. “मला बी दिसतंय,” तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा निघाला. “चांगलं ठळक हाय. तू दिसभर औषधात हुतास, तुझं डोळं चुरचुरत्यात. घरला जा, थंड पाण्यानं धू.”

“माझं डोळं?”

“तुझंच.”

सिद्धूनं डोळे चोळले, पुन्हा वाकला, मग हसला. “ऱ्हाऊ दे. उद्या चौकात सांगतो, आण्णांचा शनी फकस्त नवराबायकोलाच दिसतोय म्हणून.” आणि गडगा ओलांडून तो गेला. पलीकडं त्यानं खरोखरच नळ सोडला. खळखळ तोंड धुतल्याचा आवाज आला.

परसात दोघंच उरली.

“पोरगं चेष्टेखोर हाय,” मनुबाई म्हणाली.

“हाय.”

“फुडल्या साली बी दिसंल का वो असंच?”

“फुडल्या साली आणखी मोठं दिसंल,” नाथाजी म्हणाला. हे खरं होतं. पण आधीच्या खोट्याइतकंच त्याला ते बोलायला जड गेलं.

ती स्टुलावरून उठली. तोल सावरून परसाच्या मधोमध उभी राहिली आणि मान वर करून इकडं तिकडं फिरली. मग थांबली. उत्तरेला, वेशीबाहेर, पाण्याच्या टाकीवरचा मोठा बल्ब लागला होता. शनी तिच्या पाठीशी होता.

“आता नुसत्या डोळ्यानं बी घावला,” ती म्हणाली. “ह्योच न्हवं?”

“ह्योच.”

तिनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणू लागली. नाथाजीनं नळकांड्यावर झाकण बसवलं. मग तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि टाकीकडं तोंड करून त्यानंही हात जोडले.