ताटात उरलेला विडा

आमच्या समाजातली माणसं वाईट नाहीत. म्हणून तर माझं डोकं जास्त फिरतं. वाईट माणसांनी वाईट ठरवलं असतं, तर मी गप घरी येऊन जेवले असते.

नजरबाद भागात आम्हा शिंप्यांचं एक लहानसं विठ्ठलाचं देऊळ आहे. वर लग्नाचा हॉल, मागे एक खोली. त्या खोलीत नागरत्ना शिवणाचा क्लास चालवते. टी. नरसीपूरच्या बाजूनं मुली बसनं येतात, ब्लाउज शिवायला शिकतात, पोटापाण्याला लागतात. यंदा समाजाला एक देणगी आली. त्यातून एकच काम करायचं होतं आणि मागण्या होत्या दोन. नागरत्ना म्हणत होती, खोलीचं छप्पर गळतंय, ते नीट करा आणि दोन-चार मशिनं द्या. दुसरी मागणी हॉलला लिफ्ट बसवायची. लिफ्टसाठी खड्डा खणायचा कुठे, तर त्याच मागच्या खोलीत. म्हणजे लिफ्ट आली की नागरत्ना मशिनांसकट रस्त्यावर.

आता आमच्या बैठकीची रीत ऐका. आधी अध्यक्ष बोलणार, मग वयानं त्यांच्या खालचे, असं करत करत धाकट्यापर्यंत. धाकट्याची पाळी येईतो बोलायला काही उरतच नाही. मान हलवायची, झालं. शेवटी ताटातून माणशी एक विडा फिरतो. विडा घेतला की ठरलेलं मान्य. ताट रिकामं झालं की ठराव पक्का, मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी बदलत नाही.

ही रीत मोडावी म्हणून दीपश्री धडपडत होती. जयलक्ष्मीपुरमची मुलगी, घरी बसून कुठल्या मोठ्या कंपनीचं काम करते, कमिटीत सगळ्यात धाकटी. ती म्हणाली, "मामा, आमच्या ऑफिसात कुठलं काम घ्यायचं ते ठरवताना आधी प्रत्येकजण आपापले गुण देतो. शेजाऱ्याचं बघायचं नाही, बोलायचं नाही. गुण मोजून झाले की मग चर्चा."

भुजंगमामा आमचे अध्यक्ष. त्यांनी लगेच हो म्हटलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नागरत्नाला देवळाच्या स्वयंपाकघरात बसवलं, कारण जिची मागणी तिनं समोर नसावं. आम्ही कमिटीतल्या पाचजणांनी चिठ्ठ्यांवर दहापैकी गुण लिहिले. दीपश्रीनं ते मोठ्यानं वाचले. चौघांनी क्लासला आठ नाहीतर नऊ दिले होते. लिफ्टला कोणी तीन, कोणी चार. एकाच चिठ्ठीवर सगळं उलटं होतं. ती कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको.

मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. मी उठून नागरत्नाला हाक मारणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "फार छान. आता रीतीप्रमाणे एकेकानं आपलं म्हणणं मांडू या. मी सुरू करतो."

आणि सुरू झाले. त्यांचे गुडघे. मागच्या लग्नात नवरीच्या आजीला खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं, ती हकीकत. खोटं काहीच नव्हतं त्यात. मलाही त्या आजीची दया आली होती. पण बोलणं संपवून मामांनी चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं, आणि बघता बघता माणसं विरघळली.

रघुनाथराव खजिनदार. घसा खाकरून म्हणाले, "माझे आठ जरा घाईत लिहिले गेले. चार करा."

वयानं त्यांच्या खालचा सत्यनारायण म्हणाला, "माझे पण."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझे नऊ नऊच राहतील. मामा, मघाशी तुमचा आवाज कानावर पडायच्या आधी हेच लोक वेगळं लिहून बसले होते. छपराची भोकं तेव्हापासून काय आपोआप बुजली?"

मी दीपश्रीकडे पाहिलं. तिनं पेन उचललं आणि स्वतःचे नऊ खोडून पाच केले. अग, ही पद्धत तूच आणलीस ना? मला तिचा इतका राग आला की तिच्याकडे बघवेना.

विड्यांचं ताट फिरलं. चौघांनी घेतले. मी हात मांडीवरून हलवला नाही.

"सुष्मा, सुम्ने, उगाच हट्ट कशाला करतीस?" मामा म्हणाले. "सगळ्यांचं एकमत झालंय."

"एकमत नाही झालं, एकाचं मत झालं," मी म्हटलं. "मी विडा घेणार नाही."

ताटात एक विडा राहिला. बैठक संपेना. रघुनाथराव पान चघळत भिंतीकडे बघत बसले. शेवटी मामांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, "नागरत्ना, कप उचल बाई." ती आली. त्यांनी ताट तिच्यापुढे धरलं आणि गोड आवाजात म्हणाले, "तू पण आपल्यातलीच. हा घे."

मी "थांब" म्हणेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी विडा घेऊन कपाळाला लावला होता.

"आयतु, झालं तर मग. ताट रिकामं झालं," मामा म्हणाले आणि काठी शोधू लागले.

तिच्या हातानं तिचीच खोली गेली.

"काय ठरलं, अक्का?" नागरत्नानं मला विचारलं. चेहऱ्यावर हसू होतं बिचारीच्या.

"मला नको विचारू," मी म्हटलं. "या सगळ्यांना विचार. एकेकाला. आणि धाकट्यापासून सुरू कर."

ती गोंधळून दीपश्रीकडे वळली. दीपश्रीनं खाली बघत सांगितलं, "लिफ्ट ठरली, अक्का. तुमच्या खोलीत. पण मी तुम्हाला नऊ दिले होते."

नागरत्ना सत्यनारायणकडे वळली. "आठ," तो पुटपुटला.

"मी पण आठच," रघुनाथराव तोंडातलं पान सांभाळत म्हणाले.

नागरत्नानं हातातल्या विड्याकडे बघून विचारलं, "मला सगळ्यांनी इतके गुण दिले, तर लिफ्ट कुणी मागितली?"

मामांना काठी सापडली होती, पण ते उठले नाहीत.

नागरत्नानं विडा पुन्हा ताटात ठेवला, ताट मामांच्या पुढ्यात सरकवलं आणि कप गोळा करायला लागली.