पप्पांचा हात आणि लाल बटण

"इंजिनिअर बाई, विजेची लाइन डळमळली आणि आमचं मशीन बंद पडलं, तर तुमच्या कोस्टारिकाच्या पोटात का दुखतं?"

दारिएला विचारून मोकळी झाली. मागे तिच्या मैत्रिणी नोल्विया आणि हिसेल तोंडं दाबून उभ्या. पैज त्यांचीच होती: विचारलंस तर आठवडाभर राजमा भरलेल्या पोळ्या, बालेआदा, आमच्याकडून.

नदीकाठच्या, पाण्यावर वीज करणाऱ्या त्या नव्याकोऱ्या मशीनघरात सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. पॅनेलपाशी उभ्या असलेल्या एवारिस्तोनं, म्हणजे तिच्या पप्पांनी, असे डोळे वटारले की दुसरी एखादी असती तर नदीत उडी टाकली असती.

कोस्टारिकाहून चाचणीला आलेल्या इवानिया बाई मात्र हसल्या. "पोट सहा देशांचं एकच आहे, पोरी! ग्वाटेमालापासून पनामापर्यंत तार एकच. मिरवणुकीत तुम्ही संताच्या मूर्तीचा देव्हारा खांद्यावर घेता ना? एकाचा पाय घसरला म्हणून बाकीच्यांनीही खांदा काढला तर?"

"संत तोंडावर आपटणार!" हिसेल ओरडली.

"तेच. आजवर प्रत्येक देशाचा नियम निराळा. तुमचा सांगायचा, डळमळलं की लाइन सोडून पळा. आता नव्या मशीनना सगळीकडे एकच नियम: खांदा काढायचा नाही."

चाचणी एवढीच. बाहेर उभी असलेली चाचणीची गाडी मुद्दाम वीज डळमळवणार, विजेची लय दाखवणारा साठवरचा काटा खाली येणार, आणि तो परत वर चढेपर्यंत मशीननं तग धरायचा. जमलं तर गावाचं मशीन आजच लाइनला जोडलं जाणार. दोनदा फसलं तर थेट पुढच्या वर्षी. अख्ख्या गावानं खोदलेला कालवा वर्षभर नुसता वाहत राहणार.

बाईंनी खूण केली. काटा घसरला. दिवे पिवळे पडले, मशीन कण्हलं, पण आपणहून जास्त पाणी ओढून घ्यायला लागलं. जमतंय, जमतंय... आणि खट्! पप्पांचा हात लाल बटणावर. सगळं बंद.

त्यांच्या गावात दिवा मिचमिचला की हातातला घास टाकून लोक आधी फ्रीजची वायर उपटतात, कारण परत येणारी वीज फ्रीज जाळते. आणि पप्पा तर जुन्या जनरेटरवर सगळ्यांत झटपट बटण दाबणारे म्हणून नावाजलेले!

"एवारिस्तो, अहो काय केलंत!" दारातून आई कळवळली.

"हात आपोआप गेला गं." त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई, दुसऱ्या कुणाला उभं करा."

"परवाना तुमच्या नावाचा आहे. आता एकच संधी."

दारिएलाला पप्पांची नजर पुन्हा लाल बटणाकडे गेलेली दिसली. तिनं पुन्हा तोंड उघडलं, आणि हा प्रश्न मात्र कुणी पैज लावून विचारायला सांगितला नव्हता. "बाई, चालवणाऱ्याचा हात धरायला नियमात बंदी आहे का?"

बाई गालात हसल्या. "सहाही देशांत नाही."

तिनं पप्पांचा उजवा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. काटा घसरला. हात उसळला. ती लोंबकळलीच त्याला!

"पप्पा, नाही!"

"जळेल गं मशीन!"

"नाही जळणार. ऐका ना, पाणी ओढतंय ते!"

दिवे आणखी मंदावले. पप्पांनी डोळे मिटले, आणि त्यांची बोटं तिच्या बोटांत अशी रुतली की तिला किंकाळी फोडावीशी वाटली. पण तिनं ती गिळली. काटा थांबला. जरासा थरथरला. मग चढायला लागला, हळूहळू, थेट साठपर्यंत.

इवानिया बाईंनी यंत्रावरचे आकडे सावकाश पाहिले. "जोडा," त्या म्हणाल्या.

बाहेर जल्लोष उसळला. आई आत धावली तेव्हा बापलेक अजून तसेच उभे होते.

"आई," दारिएला म्हणाली, "माझ्यासाठी कॉमर्सचा गणवेश शिवायला टाकलायस ना, तो आत्याच्या मुलीला देऊन टाक. मी कॉमर्सला नाही, वीजशाखेला जाणार. आणि पप्पा, 'नाही' म्हणायच्या आधी बघून घ्या, तुमचा हात मी अजून सोडलेला नाही."