गार मोटर

काकांनी धक्क्यावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नावेची रात्रभर गार पडलेली मोटर जो चालू करील, नाव त्याची. रोजची कटकट नको."

भाऊ हसला. हसणारच! बाबा गेल्यावर त्याने मला नावेत पाय ठेवू दिला नव्हता, नाव नुसती बांधून ठेवली होती. वर सांगत सुटला, "ताईला काय कळतंय मोटरीतलं? ती नुसती डबा घेऊन यायची." माणसं पलीकडे सोडून माझं पोट चालायचं, तेच त्याने तोडलं. तेव्हाच ठरवलं होतं, याचं नाक याच धक्क्यावर कापायचं.

"आधी तू कर," मी म्हटलं. "वारसदार ना तू!"

त्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. मोटर खोकलीसुद्धा नाही. पेट्रोल बदललं, नवा प्लग बसवला. थोड्या वेळाने काढून बघितला तर कोरडा ठणठणीत. "पेट्रोलच पोचत नाही," म्हणत नळी काढून तोंडाने ओढायला गेला आणि थू थू करत बसला. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पेट्रोल पोचत होतं. गार मोटरीला जास्त पेट्रोल देणारा चोक लागलेला नव्हता, एवढंच. मूळची तार तुटली तेव्हा बाबांनी हाताला लागेल ती दांडी बसवली, ती उलटी बसली. बाकी मोटरींत चोकची मूठ बाहेर ओढतात, हिची आत ढकलायची. बाबांचा खांदा दुखायचा, म्हणून पहाटे दोरी मी ओढायचे. हे महाराज ऊन वर आल्यावर उगवायचे. तोवर मोटर तापलेली आणि मूठ बाहेर असायची. आजही ती बाहेरच होती, म्हणून त्याला वाटत होतं, चोक दिलेला आहे.

त्याचे तळहात सोलून निघाले. "मेलीय ही. भंगारात घाला."

"सरक," म्हणत मी मूठ आत ढकलली.

"अगं, चोक काय काढतेस? गार आहे ती!"

दुसऱ्या ओढीला मोटर धूर सोडत उठली. मी मूठ हळूहळू बाहेर घेतली.

"काका, माझ्या ओढण्यानेच सुरू झाली ती!" भाऊ ओरडला.

मी मोटर बंद केली. "बरं. होऊ दे गार."

दुपार कलली तरी धक्क्यावरचं कुणी हललं नाही. काकांनी मोटरीला हात लावला, "गार आहे." मी मूठ ढकलली, दोरी ओढली, मोटर उठली. लोक हसले. काका त्याला म्हणाले, "उतर खाली. नाव तिची."

माणसं चढली. तोही पुढे आला, "ताई, मलाही सोड ना पलीकडे. हात दाखवायचेत दवाखान्यात."

"पूल आहे की. जा चालत."

"अगं, पूल केवढा लांब आहे!"

मी नाव सोडली. मध्यावर मुद्दाम वळून पाहिलं. तळहात पुढे धरून तो तसाच उभा होता. सख्खा भाऊ, वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.