सोळावी पायरी

मिलिंदने पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून ओळंबा खाली सोडला आणि तो डुलायचा थांबेपर्यंत कठड्यावर वाकून राहिला. अंगणात उभ्या हेमालीने ओळंब्याच्या टोकाखाली खडूने फुली मारली. मधला खांब तिथे उभा राहणार होता. मिलिंदने खाली येऊन फुलीभोवती अडीच फुटांची दोरी फिरवली, जमिनीवर गोल काढला आणि वर पाहिलं. डोकं कुठेच आपटणार नव्हतं.

वडप्यातलं हे घर त्याच्या ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी आतला गोल जिना त्यानेच बसवला होता. आता लडकूकाकांना बाहेरून दुसरा हवा होता. मुलगा भूपेश आणि सून हेमाली वर वेगळे राहणार, वेगळी चूल मांडणार. आतला जिना काढून टाकायचा. कारण गावाला ठाऊक होतं. गेल्या वर्षी काशीकाकू सुपात वाळलेले वाल घेऊन वरून उतरत होत्या आणि पडल्या. खुबा मोडला. सुनेने पायऱ्या पुसून ओल्याच ठेवल्या होत्या, असं सगळे म्हणत. तेव्हापासून काशीकाकू सुनेशी बोलत नव्हत्या.

मिलिंदनेही ती गोष्ट टेमघरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये किती गिऱ्हाइकांना सांगितली होती. "जिना धुतलात तर तासभर कोणाला चढू देऊ नका. वडप्याला एका सुनेने काय केलं माहितेय?" लोक हळहळायचे. काशीकाकूंना भेटायला मात्र त्याला सवड झाली नव्हती.

"झालं सगळं," तो टेप गुंडाळत म्हणाला.

"आतल्या पायऱ्यांचं माप घ्या ना, दादा," हेमाली म्हणाली. "नव्या तशाच पाहिजेत. पायाला सवय झालीय."

"ते आहे माझ्याकडे. सगळ्या साडेसात इंच."

"तरी घ्या. बाबा लिहून घेतील." एवढं बोलून ती आत गेलीसुद्धा.

हॉलमध्ये जिन्याच्या समोरच काशीकाकूंची खाट होती. त्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या होत्या. मिलिंदने नमस्कार केला. त्यांनी नुसती मान हलवली. लडकूकाका वही घेऊन खुर्चीत बसले. हेमालीने टेपचं टोक खालच्या पायरीवर दाबून धरलं.

"मोठ्याने सांगा," ती म्हणाली.

"साडेसात," मिलिंद म्हणाला. "दुसरी, साडेसात."

एकेक पायरी वर चढत दोघं मधल्या खांबाभोवती फिरत गेले. खालून लडकूकाका आकडा परत उच्चारायचे. पंधरावी झाली. सोळावी म्हणजे शेवटच्या पायरीवरून वरच्या मजल्यावर टाकायचं पाऊल. मिलिंदने टेप लावला, पुन्हा लावला. वरच्या गुळगुळीत लादीकडे पाहिलं.

तीन वर्षांपूर्वी जिन्याचं माप घेतलं तेव्हा वर नुसता कोबा होता. लडकूकाका म्हणाले होते, वर लादी बसवायचीय. "बसवा की, मी हिशोबात धरतो," तो म्हणाला होता. आणि धरली नव्हती. लादी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन इंच.

त्याने हेमालीकडे पाहिलं. ती टेपकडे बघतच नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"रोज पुसते मी हा जिना. इथे हात जास्त वर जातो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले ना. भूपेशलाही बोलले. सुनेचं माप कोण धरतं, दादा?"

"सोळावी बोल रे," लडकूकाकांनी खालून हाक दिली.

"साडेसात," मिलिंदच्या तोंडून गेलं.

हेमालीने टेपचं टोक सोडलं नाही. पोलादी पट्टी दोघांमध्ये ताणलेली राहिली. मिलिंद हळूच पायरीवर बसला.

"थांबा काका. खोटं बोललो. साडेनऊ आहे."

"साडेनऊ? बाकीच्या साडेसात, मंग ही कशी?"

"तुम्ही मला लादीचं सांगितलं होतं. मी विसरलो. वरून उतरताना पहिलंच पाऊल दोन इंच जास्त खाली जातं. रोजच्या माणसाला सवय होते. काकू कधीतरीच वर जायच्या." त्याने खाली खाटेकडे पाहिलं. "वहिनींची काही चूक नव्हती. माझी होती."

लडकूकाकांनी वहीत आकडा लिहिला, आणि मग त्याच्याकडे बघतच राहिले.

"पायरी कोरडी व्हती," खाटेवरून आवाज आला.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. काशीकाकू आपल्या पायांकडे बघत होत्या.

"काय बोलतेस?" लडकूकाका म्हणाले.

"कोरडी व्हती. मना तवाच ठावं व्हतं. समदी वली वली बोलत व्हती... मंग मी गप रायले. म्हातारपनी पाय चुकला असं सोताच्या तोंडानं कोन बोलल?"

रस्त्याकडून गोडाऊनवर वळणाऱ्या ट्रकांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग हेमालीने टेप सोडला, तो सरकन डबीत गेला. ती पायऱ्या उतरून खाली आली. काशीकाकूंनी हात थोडा पुढे केला होता. हेमालीने तो पाहिला. खाटेवरून घसरलेली चादर तिने उचलली, त्यांच्या पायांवर नीट घातली आणि मागे सरकली.

लडकूकाकांनी चष्मा काढला. "मिलिंद, तू काय आता बाहेरचा जिना करू नको. ही पायरी दुरुस्त कर, बस. पोरी, वर वेगलं ऱ्हायची काय गरज न्हाय आता. चूल एकच ठेवू."

"माप घेऊन झालंय, बाबा," हेमाली म्हणाली. आवाजात राग नव्हता. ती मिलिंदकडे वळली. "पावसाच्या आधी बसेल ना, दादा?"

मिलिंदने लडकूकाकांकडे पाहिलं. ते काशीकाकूंकडे बघत होते, आणि काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

"बसेल," मिलिंद म्हणाला.