केदारनाथची डबी

नोकरी मागायला गेलेल्यानं आपल्या चपला बाहेर काढाव्यात हे मला ठाऊक होतं. मालकाच्या चपलाही उचलून आत आणून द्यायच्या असतात, हे त्या दिवशी कळलं. "आन की बे इकडं," असं आप्पाराव म्हणाला आणि मी आणल्या. गरजवंताला अक्कल नसते, मग तो बी.कॉम. का असेना.

सत्त्याण्णव साल होतं. रस्त्यावर नव्या नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या आणि अंबाजोगाईबाहेरचा आप्पारावचा पेट्रोल पंप जोरात होता. तिथला मॅनेजर आमच्या धर्मापुरीचाच, माझ्या शेजारचा केदारनाथ. दिवाळीनंतर तो पुण्याला निघून गेला, असं पंपावरून कळवलं होतं. त्याची जागा मला हवी होती. शिकून मी घरात बसून खात होतो. वडील काही बोलत नव्हते, त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

आप्पारावनं मला बस म्हटलं नाही. माझी फाईल उघडलीही नाही. तिच्यावर चहाची बशी ठेवून तो पायाची नखं काढत बसला. रामहरी नावाच्या त्याच्या माणसानं दार लोटलं आणि दारालाच पाठ लावून उभा राहिला.

"केदारची आई तुमच्या शेजारीच ना?"

"हो. बसम्माकाकू."

"लई फेऱ्या मारती म्हातारी. पोलिसात जाईन म्हणती." त्यानं ड्रॉवरमधून काहीतरी काढून टेबलावर टाकलं. "ह्ये तिला दे. सांग, आप्पारावनं सोता त्याला पुण्याच्या गाडीत बसवलं, जाताना त्यानं ह्ये आईसाठी दिलतं. येवढं कर, सोमवारपासून खुर्ची तुजी."

एवढीच मुलाखत.

टेबलावर चांदीची डबी होती, एका बाजूला चेपलेली. लहानपणी केदार चिंचेवरून पडला तेव्हा ती चेपली होती, मी खालीच होतो. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात ही लिंगाची डबी लहानपणीच बांधतात. ती आंघोळीलाही अंगावेगळी होत नाही आणि माणूस मेला की त्याच्यासोबतच पुरतात. आईला आठवण म्हणून कुणी ती पाठवत नाही. आप्पारावला यातलं काही माहीत नव्हतं. डबीचा दोरा तुटलेला होता. गप्प बसायला हवं होतं, पण माझी जीभ कुठली गप्प बसायला!

"साहेब, जित्या माणसाच्या गळ्यातून ही निघत न्हाई."

आप्पारावचा हात थांबला. त्यानं रामहरीकडं पाहिलं, मग माझ्या गळ्याकडं.

"निघती की," तो अगदी शांतपणे म्हणाला. "काढ बगू तुजी."

मी काढली नाही. केदारची डबी उचलली आणि दाराकडं वळलो. रामहरी हलला नाही.

"जाऊ दे त्याला," मागून आप्पाराव म्हणाला. "शाणा हाय. सोमवारपस्तोर विचार करील. घर म्हाईत हाय आपल्याला."

फाईल तिथंच राहिली.

बसम्माकाकू ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. "मिळाली का रं नोकरी?" त्यांनी हसून विचारलं. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं बाजूलाच राहिलं. डबी त्यांच्या हातावर ठेवली. अंगठ्यानं त्यांनी चेपलेली जागा चाचपली. मांडीवरचं सूप घसरलं, ज्वारी ओटाभर सांडली. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. त्यांनी डबी कपाळाला लावली.

मग मला विचारलं, "पुरलं तरी का रं त्येला?"