रुखमिणीचे पाय

"माह्या पोरीचे पाय कुठी गेले?" सेवकरामने फोटो काउंटरवर आपटला.

फोटोवाल्या जागेश्वरने पाहिलं. एकोडीची रुखमिणी, काठाची साडी, ताठ मान, आणि घोट्याच्या वरच फोटो संपलेला. ती स्वतः बापामागे स्टुडिओच्या दारात उभी होती.

"सोयरिकीसाठी फोटो धाडला, तं पोराचे वडील, कारध्याचे यादोराव म्हणतेत, पोरगी लंगडी असन, म्हणून पाय लपवले."

दिवाळीत जागेश्वरने जुना चौकोनी कॅमेरा विकून नवा घेतला होता. नव्याची निगेटिव्ह लांबुडकी, कागद मात्र तोच सहा-आठ इंची, आखूड. कागद पूर्ण भरायचा तर लांबीतला इंचभर भाग जायचाच. त्याने डोकं वाचवलं होतं, पाय गेले.

"चूक माही आहे काका. मीच जातो कारध्याले."

त्याने अख्खी निगेटिव्ह छापली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या राहिल्या, पण पाय आले. प्रिंट नीट वाळायच्या आत तो सायकलवर नदीच्या पुलापार कारध्याला गेला.

यादोरावांनी निगेटिव्हसुद्धा उन्हात धरून पाहिली. "पाय तं आहेत."

"फोटोतले पाय चालतेत का?" त्यांची बायको सत्यभामाबाई आतून म्हणाली. "बुधवारी येतो आमी. पोरीले अंगणात चालून दाखवा लागन."

परत येऊन जागेश्वरने स्टुडिओत थांबलेल्या बापलेकांना हे सांगितलं. रुखमिणी पुढे आली.

"मी चालून दाखवीन भाऊ. पन पयले पोराचा फोटो पाठवा म्हना. डोक्यापासून पायापर्यंत."

"चूप बस वो!" सेवकराम ओरडला. "आन जागेश्वर, तू हे कोणाले सांगू नोको."

बापलेक एस.टी.ने गेले. जागेश्वरचं कामात लक्ष लागेना. सांगावं तर सोयरीक मोडेल. न सांगावं तर आपल्या चुकीपायी त्या पोरीला जनावरासारखं अंगणात फिरवतील. संध्याकाळी तो पुन्हा कारध्याला गेला आणि रुखमिणीचे शब्द जसेच्या तसे सांगून आला. यादोराव ऐकून घरात निघून गेले.

मग तीन दिवस त्याला चैन नव्हती. दोन प्रिंट काळे पडले, एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचेच फोटो दिले. दारात सायकल वाजली की तो बाहेर धावायचा.

मंगळवारी दुपारी वरठीच्या कारखान्यातली खाकी घातलेला एक पोरगा आला. "मी श्रावण. यादोरावांचा. फोटो काढाचा आहे. पायासगट."

"घरी माहीत आहे?"

"मायसंग भांडूनच आलो." तो पडद्यासमोर उभा राहिला. "चप्पल काढू का?"

जागेश्वर मागे सरकत पार भिंतीला टेकला. संध्याकाळी श्रावण पट्ट्यांसकट फोटो घेऊन स्वतःच एकोडीच्या वाटेला लागला.

बुधवार गेला, गुरुवारही गेला. शुक्रवारी सेवकराम आला.

"काय झालं काका? चालवलं का तिले?"

"बुधवारी आले, पन चालाचं कोणी नाव नाही काढलं. सत्यभामाबाई जराशी फुगूनच होती." सेवकराम बाकावर टेकला. "वैशाखातलं लगन धरलं. रुखमिणी म्हणते, फोटोवाला तूच पायजे."