जड फळाची घाई

वानिदाच्या गोणपाटाला चाटून दुरियनचं मोठं फळ जमिनीवर आपटलं आणि काट्यांसकट उकललं.

"अगं, झेलायचं होतं, नमस्कार नव्हता करायचा!" झाडावरून तिचा बाप थावी ओरडला.

बुन्मा आजोबा खांदा फडक्यात बांधून तिवईवर बसले होते. थावीने वर देठ कापायचा आणि बुन्मांनी खाली फळ गोणपाटात अलगद गुंडाळायचं, असंच बापलेकांचं काम चालत आलेलं. यंदा खांदा धरला आणि गोणपाट नातीच्या हाती आलं. तिनेच हट्टाने मागून घेतलं होतं.

आपटलेलं फळ बाजारात चालत नाही. बागेच्या मालकीण ओरापिनबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या, "बुन्मा, पोर गुणाची आहे. पण आज जमलं नाही, तर उद्यापासून मी दुसरी जोडी बोलावते." म्हणजे थावीचंही काम जाणार.

फुटकी फळं घरी यायची. वानिदाची आई चिकट तांदूळ शिजवून त्यांच्याबरोबर वाढायची आणि रोज विचारायची, "आज किती फोडलीस? तांदूळ भिजत घालू ना?"

बुन्मा सकाळपासून बघत होते. लहान फळं पोरगी झोकात झेलत होती. थावीने "मोठं!" अशी हाळी दिली, की मात्र तिचे हात आधीच वर जायचे.

"पोरी, मोठ्याला एवढी घाई का गं?"

"तुम्हीच तर शिकवलंत, आजोबा! जड फळ लवकर येतं, लवकर हात उचल."

खरंच होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना हेच सांगितलं होतं. बुन्मा उठले. धड हात पुढे करून त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात एक लहान फळ झेललं, मग एक मोठं. हात दोन्ही वेळा त्याच ठेक्यात उठला. ते जरा चपापलेच.

"थावी, दोर सोड. हे फुटकं वर घे. आणि फांदीवरची गर्दी कमी करायला तोडलेलं मुठीएवढं कच्चं फळही घे. दोन्ही एकदम सोड."

"बाबा, खांदा दुखतोय की डोकं?"

"सोड म्हणतो ना! वानिदा, लांब उभी राहा. डोळे मीट आणि ऐक."

धप्प! एकच आवाज.

"मुद्दाम मागेपुढे सोडलीत ना, बाबा?" वानिदाने वर बघून विचारलं.

"शपथ घेऊ का आता?"

पुन्हा सोडली. पुन्हा एकच धप्प.

"मग झाडाचं पान का तरंगत येतं?" वरून थावीने शंका काढली.

"पानाला हवा अडवते. दुरियनला काय अडवणार?" बुन्मा म्हणाले. मग स्वतःशीच हसले. "म्हणजे मी इतकी वर्षं उगाच 'लवकर, लवकर' म्हणत होतो."

"तोंड घाई करत होतं, आजोबा. हात नव्हते करत."

"हात शहाणे होते म्हणायचे! आता ऐक. जड फळ लवकर येत नाही, जोरात बसतं. म्हणून हात लवकर उचलायचा नाही; झेलल्यावर गुडघे सैल सोडून त्याच्याबरोबर खाली जायचं. आणि जितक्या वरून येईल तितका वेग जास्त. थावी, यापुढे 'मोठं-लहान' बंद. फक्त 'वरचं' का 'खालचं' ते सांग."

ओरापिनबाई परत आल्या, तेव्हा शेंड्याजवळचं एकच फळ राहिलं होतं. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वरचं!"

बुन्मांच्या ओठांवर 'लवकर' आलंच होतं. त्यांनी तोंडावर हात दाबला. वानिदा थांबली, आणखी थांबली, मग गोणपाट फिरलं. गुडघे वाकले, ती मागच्या मागे पाचोळ्यात बसली. मांडीवर गोणपाट, गोणपाटात अख्खं फळ.

"उद्या लवकर या," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

घरी आईने दारातूनच विचारलं, "तांदूळ भिजत घालू ना?"

"सकाळी फुटलं तेवढंच आहे," वानिदा म्हणाली. "आज थोडेच घाल."